पुस्तक छापायचंय? डीटीपीला देण्याआधी हे वाचा



माझ्या दुकानाच्या माळ्यावर ३११ पुस्तकं पडून आहेत. सगळी एकाच लेखकाची आहेत आणि तो लेखक मीच आहे. दर दिवाळीला साफसफाईत ती खाली येतात, झटकली जातात आणि परत वर जातात. २०२१ मध्ये ५०० प्रती छापल्या होत्या. डीटीपी, कव्हर, छपाई आणि सोलापुरातून गाडीभाडं धरून ५८ हजार रुपये गेले. ज्या १८९ प्रती गेल्या त्यातल्या निम्म्या मी सत्कारात शाल-नारळासोबत दिल्या, म्हणजे त्या विकल्या असं काही म्हणता येणार नाही.

पुस्तकात शुद्धलेखनाच्या चुका होत्या म्हणून असं झालं का? नाही. आमच्याच गावच्या एका निवृत्त गुरुजींनी प्रुफं दोनदा तपासली होती. कागद चांगला होता, कव्हर चकाचक होतं. मग विजापूर रोडवरच्या एका हार्डवेअरवाल्या दोस्तानं एकदा चहा पिता पिता खरं काय ते सांगितलं. "सर, चाळीस पानं वाचली. सगळं बरोबर हाय. पण मी नेमकं काय करायचं ते कळंना." त्या दिवशी राग आला होता. आज वाटतं, ५८ हजारातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं, आणि ते फुकट मिळालं.

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. ते वाक्य छपाईच्या आधी ऐकून घ्यायची एक रीतसर पद्धत असते. तिला डेव्हलपमेंटल एडिटिंग म्हणतात. मला २०२१ मध्ये हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

आज हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या मंद्रूपच्या दुकानात झेरॉक्स, स्टेशनरी आणि डीटीपी तिन्ही चालतं, आणि महिन्यातून एक-दोन जण तरी हस्तलिखित घेऊन येतात. निवृत्त शिक्षक असतात, बँकेतून रिटायर झालेले असतात, कुणी भजनी मंडळातलं असतं, कुणी माझ्यासारखं ट्रेनिंग देणारं. सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. किती प्रती छापू? पानाला काय पडेल? आयएसबीएन कसा काढायचा? (तो भारतात सरकारी एजन्सीकडून मोफत मिळतो, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले तर दोनदा विचारा.) पण "हे पुस्तक म्हणून उभं राहिलंय का?" असं आजवर एकानंही विचारलं नाही. मी तरी कुठं विचारलं होतं!

तर आधी फरक समजून घेऊ. दुकानाच्याच भाषेत सांगतो. मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफ बघणं, हे काचा पुसण्यासारखं आहे. वेलांटी, उकार, सुटलेला अनुस्वार. भाषेचं संपादन म्हणजे फळीवरचा माल नीट लावणं. लांबलेलं वाक्य तोडणं, तोच शब्द चारदा आला असेल तर बदलणं. डेव्हलपमेंटल एडिटिंग या दोन्हीच्या आधी येतं. इथं दुकान कशाचं टाकायचं, काउंटर कुठं ठेवायचा, गिऱ्हाईक कुठल्या दारानं आत येणार, आत आल्यावर त्याला पहिल्यांदा काय दिसणार, हे ते ठरवतं. काउंटर चुकीच्या जागी बांधलेला असेल तर काचा कितीही पुसा. मी काचाच पुसल्या होत्या.

नाव इंग्रजी असलं तरी काम आपल्याकडं नवीन नाही. मुंबईत गिरगावातल्या मौज प्रकाशनाचं 'सत्यकथा' हे मासिक १९८२ पर्यंत निघत होतं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे त्याचे संपादक. आलेली कथा नुसती 'पसंत' किंवा 'नापसंत' करायची, एवढ्यावर त्यांचं काम थांबत नसे. लेखकाला पत्र जायचं. हे पात्र का आलंय, शेवट असा का, मधला भाग सैल का वाटतो, पुन्हा लिहून बघा. लेखक पुन्हा लिहायचा, परत पाठवायचा. मौजेच्या पुस्तकांवरही असंच काम व्हायचं. 'पाडस' हा अनुवाद ज्यांनी वाचलाय त्यांना राम पटवर्धन हे नाव माहीत असेल, पण दुसऱ्यांच्या पुस्तकांवर त्यांनी केलेलं काम कव्हरवर कुठंच दिसत नाही. या कामाचं असंच असतं. उत्तम झालं की ते दिसतच नाही.

बाहेरचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्या बाबतीत नंतर जवळजवळ तसंच घडलं. (माझं पुस्तक कुठं आणि ते कुठं, ते सोडा.) हार्पर ली या अमेरिकन बाईंनी १९५७ मध्ये एका प्रकाशकाकडं कादंबरी दिली. मोठी झालेली एक मुलगी शहरातून आपल्या गावी येते आणि वडिलांबद्दलचा तिचा भ्रम तुटतो, अशी ती गोष्ट होती. मधूनमधून तिला लहानपण आठवतं. टे होहॉफ नावाच्या संपादिकेनं ती वाचली आणि तिला दिसलं की खरा जीव त्या लहानपणाच्या आठवणींमध्ये आहे. तिनं तिथून नव्यानं लिहायला सांगितलं. दोन-अडीच वर्षं दोघी त्यावर बसल्या. १९६० मध्ये 'टू किल अ मॉकिंगबर्ड' आलं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. पहिला खर्डाही पुढं २०१५ मध्ये 'गो सेट अ वॉचमन' नावानं छापला गेला, त्यामुळं आज कुणीही दोन्ही शेजारी ठेवून बघू शकतं. माणसं तीच, गाव तेच, आणि तरी पुस्तकं दोन.

आता माझ्याकडं येतो.

दुसरी आवृत्ती काढायची असं गेल्या वर्षी ठरवलं तेव्हा पुण्यातल्या एका बाईंचं नाव कळलं. बरीच वर्षं प्रकाशन क्षेत्रात काम केलेल्या. मी ४२ हजार शब्दांचं हस्तलिखित पाठवलं. फी १८ हजार, वेळ पाच आठवडे. (हा माझा व्यवहार झाला, बाजाराचा दर समजू नका. कुणी शब्दावर घेतं, कुणी पानावर, कुणी ठोक.) पाच आठवड्यांनी दोन गोष्टी आल्या. एक सात पानांचं पत्र, आणि माझी फाईल, जिच्या समासात ठिकठिकाणी प्रश्न होते. मी आधी फाईल उघडली आणि वेलांट्या शोधल्या. एकही सुधारलेली नव्हती! बायकोला म्हणालो, अठरा हजारात एक उकार पण दुरुस्त नाही. मग पत्र वाचलं आणि गप्प बसलो.

पत्राची सुरुवात अशी होती की तुमचं पुस्तक मला काय सांगतंय ते मी चार ओळीत लिहिते, बरोबर आहे का बघा. त्या चार ओळी वाचून मला धक्का बसला, कारण मला जे सांगायचं होतं ते त्यात नव्हतंच. त्यांनी चुकीचं वाचलं नव्हतं. मी ते लिहिलंच नव्हतं. माझ्या डोक्यात होतं, बोलण्यात होतं, कागदावर उतरलं नव्हतं.

मग वाचकाचा मुद्दा. मॅडमनी लिहिलं होतं की तुम्ही एकाच पानावर तिघांशी बोलताय. नवीन दुकान टाकणारा पोरगा, वीस वर्षं गल्ल्यावर बसलेला जुना दुकानदार, आणि मुद्रा लोनसाठी कागद गोळा करणारी बचत गटातली ताई. पोराला जे सांगायचं ते जुन्याला तोंडपाठ आहे, आणि ताईंना जे पाहिजे ते प्रकरण सतरामध्ये. एक निवडा, बाकीचे आले तर येऊ द्या.

इथं जरा विषयांतर करतो. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. त्याचा शेवट कसा आहे माहितीय का? जो हे वाचेल त्याचा विजय होवो, अशा अर्थाचा. दगडात अक्षर कोरायला किती कष्ट पडत असतील, जागा किती थोडी, तरी त्या माणसानं वाचणाऱ्यासाठी एक ओळ राखून ठेवली. माझ्याकडं २१६ पानं होती.

परत पत्राकडं. पुस्तकात २२ प्रकरणं होती कारण माझे व्हिडिओ २२ होते. मी ते टाईप करून घेतले होते, बास. व्हिडिओत तीच गोष्ट तीनदा सांगावी लागते, बघणारा मधूनच आलेला असतो. पुस्तकात माणूस मागचं पान उलटू शकतो. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी पाहुण्यासारखा नमस्कार करत होतो आणि शेवटी उजळणी घेत होतो. होलसेलरच्या स्कीमचं एकच उदाहरण तीन ठिकाणी आलं होतं, आणि एका ठिकाणी आकडा वेगळा! जीएसटी तिसऱ्या प्रकरणात, आणि रोजचा गल्ला कसा लिहायचा ते चौदाव्यात. ज्याला गल्ला लिहिता येत नाही तो जीएसटी काय भरणार? प्रेरणेची तीन प्रकरणं पूर्ण काढा असं सुचवलं होतं. ती माझी सगळ्यात आवडती. काढली. कुणालाच उणीव जाणवणार नाही असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ज्यांना ज्यांना नवा खर्डा दिला त्यातल्या कुणालाच जाणवली नाही, हे जास्त लागलं.

एवढं होतं तोवर ठीक होतं. पान ७१ वर मी दोन ओळी लिहिल्या होत्या, की माझ्या वडिलांचंही किराणा दुकान होतं आणि काही कारणानं ते बंद करावं लागलं. समासात मॅडमचा प्रश्न होता: "काय कारण? पुस्तक खरं इथून सुरू होतं का?" आणि पत्रात एक पूर्ण परिच्छेद. तुम्ही अकरा ठिकाणी लिहिता की उधारी टाळा. खेड्यात उधारी टाळून दुकान चालतं का? चालत नसेल तर वाचक तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. तुम्हाला उधारीबद्दल जे माहीत आहे ते तुम्ही लिहीत नाही आहात असं मला वाटतं.

लॅपटॉप बंद केला तो नऊ दिवस उघडला नाही.

संपादकाचं पत्र आल्यावर हे सगळ्यांचं होतं, म्हणून सांगतो. पहिले चार दिवस उत्तर लिहू नका, फोनही करू नका. त्या दिवसांत जे सुचतं ते सगळं स्वतःच्या बचावाचं असतं. नंतर पत्र पुन्हा वाचायचं आणि प्रत्येक सूचनेपुढं लिहायचं: पटलं, नाही पटलं, नंतर बघू. सगळं मान्य करायचं नसतं. संपादक प्रश्न विचारतो, उत्तर लेखकाचं. माझ्या पुस्तकातली गिऱ्हाइकं अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलतात, कारण आमच्याकडं तसंच बोलतात. भाव विचारताना 'एष्टु' येणारच. वाचकाला अडेल का अशी शंका मॅडमनी काढली होती. मी नाही म्हणालो, त्यांनी लगेच मान्य केलं. 'सत्यकथे'वरही हाच आक्षेप होता बघा, की तिथं लिखाण एका ठरावीक साच्यात बसवलं जातं. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी तिचा अंक जाळला होता. चांगल्या संपादकाचा हातसुद्धा जड पडू शकतो, आणि तुमची बोली तुम्हीच राखायची असते.

आता ज्यांना हे काम करून घ्यायचंय त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं.

खर्डा पूर्ण झाल्यावर आणि डीटीपीच्या आधी हे करायचं. पानं लागल्यावर प्रकरण हलवणं म्हणजे स्लॅब टाकल्यावर खांब हलवणं, आणि डीटीपीवाला त्याचे पैसे घेणारच (मी घेतो). फाईल युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाईल समोरच्याकडं तो फॉन्ट नसेल तर नुसती चिन्हं दाखवते, आणि रूपांतर करताना जोडाक्षरं फुटतात. वर्ड किंवा गुगल डॉक्समध्ये समासात शेरे टाकता येतात, त्यावरच सगळं काम चालतं. हस्तलिखितासोबत एक पान वेगळं द्या. पुस्तक कोणासाठी, वाचून झाल्यावर त्याला काय करता आलं पाहिजे, आणि तुम्हाला स्वतःला कुठं शंका आहे. शंका लपवू नका, डॉक्टरपुढं कोण लपवतं?

माणूस निवडताना एकच प्रकरण देऊन नमुना मागा, त्याचे पैसे द्या. सगळं 'फार छान' आलं तर दुसरा माणूस बघा. आणि छपाईच्या पॅकेजमध्ये 'एडिटिंग' असं लिहिलेलं असलं तर विचारा की त्यात काय येतं. बहुतेक वेळा ते प्रूफ असतं. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या पॅकेजमध्येही तो शब्द होता, मी अर्थ विचारला नाही ही चूक माझी. लेखी अहवाल मिळणार का, बदल केल्यावर पुन्हा एकदा वाचणार का, हे दोन प्रश्न पुरतात. दुसरं म्हणजे हा माणूस तुमच्यासाठी पुस्तक लिहून देणार नाही, आणि प्रकाशक मिळवून देईल अशी हमीही देणार नाही. हमी देणारा भेटला तर पाकीट खिशात ठेवा.

सगळ्यांना याची गरज नाही हेही सांगतो. आजोबांच्या आठवणी घरच्यांसाठी पन्नास प्रती काढायच्या असतील तर सरळ छापा, आजोबा असताना छापा. कवितासंग्रहाला निवड करणारा जाणकार पाहिजे, ते काम वेगळं.

पैसे नसतील तर? माझ्याकडची युक्ती घ्या. पावती पुस्तकाची कोरी पाठ घ्या, एका पावतीवर एक प्रकरण. प्रत्येकावर एकच ओळ लिहा, हे वाचून वाचक काय करू शकेल. माझ्या २२ पैकी ७ पावत्यांवर काही लिहिताच आलं नाही. मग पावत्या टेबलावर पसरा आणि हलवून बघा. झाल्यावर हस्तलिखिताच्या दोन झेरॉक्स काढून दोन अशा लोकांना द्या ज्यांना तुमची भीड नाही. "कसं वाटलं?" असं विचारू नका, लोक चांगलंच म्हणतात. विचारा, "वाचता वाचता कुठं थांबलात?" माझा हार्डवेअरवाला दोस्त पान चाळीसवर थांबला होता. त्याला छपाईआधी विचारलं असतं तर माळा रिकामा असता.

तर, पान ७१. नवव्या दिवशी रात्री दुकान बंद करताना आप्पांना विचारलं. आप्पा अजून रोज संध्याकाळी माझ्या गल्ल्यावर बसतात. २००८ ला, मी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना, त्यांचं दुकान बंद झालं. का, ते घरात कधी कुणी बोललं नाही. मला एवढंच माहीत होतं की उधारी थकली. आप्पा म्हणाले, "कशाला लिवतो ते? ती माणसं अजून गावात हायती. तुझ्याच दुकानात वह्या घ्यायला येतेत." मी म्हणालो, नावं नाही घालत. ते काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी उधारीची वही काढून काउंटरवर ठेवली. त्या वर्षी उसाची बिलं लांबली होती, आणि ज्यांनी बिल आल्यावर देतो म्हणून माल नेला होता त्यांना आप्पा नाही म्हणू शकले नव्हते. होलसेलर मात्र थांबला नाही. मी वहीची बेरीज केली, १,८६,४०० रुपये, आणि पहिलं प्रकरण त्या वहीपासून लिहिलं. कुठल्या महिन्यात हात आखडायला पाहिजे होता, कुणाला किती मर्यादा ठेवायची, वसुलीला कुठल्या वारी जायचं, सगळं त्या वहीतच होतं. उधारी टाळा हे वाक्य आता पुस्तकात कुठंच नाही.

प्रकरण छापून आप्पांना वाचायला दिलं. चष्मा लावून, बोट फिरवत, गिऱ्हाइकं सांभाळत त्यांनी ते दोन संध्याकाळी वाचलं. मग पेन मागितला आणि आकड्याखाली रेघ मारली.

"हे चुकलंय. दोन लाखाच्या वर व्हतं."

मी म्हणालो, आप्पा, वहीची तीनदा बेरीज केलीय.

"वहीची बरोबर हाय. दोन पानं मी फाडली व्हती. त्यातल्या एकाच्या घरातला कर्ता गेला, आन् दुसऱ्याच्या पोरीचं लगीन व्हतं."

ते प्रकरण मी आता परत लिहायला घेतलंय. मॅडमना कळवलंय की अजून पंधरा दिवस लागतील.